पहिला नकार

नवऱ्याला नशामुक्ती केंद्रातून घरी आणायला गेले, त्या सकाळी तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. केंद्र शहराबाहेर, आंब्याच्या बागांच्या पलीकडे होतं. खोलीत एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. बाई त्याच्याशी आधीच बोलल्या असाव्यात, कारण आता त्या सगळं माझ्याकडे बघून सांगत होत्या. घरात दारू येऊ देऊ नका. आणि यांच्यावर पहारा ठेवू नका.

"दोनों बातें एक साथ मुश्किल लगेंगी," त्या म्हणाल्या. "पर करनी दोनों हैं."

मी मान हलवली. मला यात नवीन काही वाटलं नाही. लखनौमधल्या एका हिंदी दैनिकाच्या शहर डेस्कवर मी काम करते. व्यसनातून परतलेल्या माणसाला घरच्यांनी कशी साथ द्यावी, याची एक चौकट मी स्वतः संपादित करून पानावर लावली होती. जागा कमी पडली म्हणून शेवटचा मुद्दा कापला होता. तो काय होता, हे त्या खोलीत बसून आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी बाईंच्या दोन्ही सूचना मोडल्या. ते कसं घडलं, ते लिहिते आहे.

नवरा हवाई दलात होता, विमानांच्या देखभालीच्या कामावर. शेवटची नेमणूक लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावर. तिथूनच तो निवृत्त झाला. त्याचं गाव सातारा जिल्ह्यात, माझं माहेर नागपूरला, पण मुलीची शाळा आणि माझी नोकरी लखनौत होती म्हणून इथेच राहिलो. इंदिरा नगरात एका निवृत्त इंजिनिअरांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. त्याला अमौसीच्या विमानतळावर एका खासगी कंपनीत काम मिळालं. दारू नोकरीत असतानाही होती, पण तिला गणवेशाची वेळ होती. निवृत्तीनंतर ती वेळ उरली नाही. तो रम कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत मिसळून ठेवायचा. बाटली फ्रिजच्या दारात उभी असायची, मुलीसाठी आणलेल्या बाटलीच्या शेजारी. एकदा मुलीने चुकीची उचलली. त्यानंतर तो केंद्रात जायला तयार झाला.

तो तिथे असताना मी लोकांना जे सांगितलं, त्याच्या तीन आवृत्त्या होत्या. त्याच्या कंपनीसाठी कावीळ. शेजारीपाजारी आणि घरमालकांसाठी बेंगळुरूला ट्रेनिंग. साताऱ्याला सासूबाईंसाठीही ट्रेनिंगच, फक्त तिथे फोन चालत नाही अशी पुरवणी. या आवृत्त्या एकमेकींना धक्का लागू न देता चालवणं मला जड गेलं नाही. माझं रोजचं काम साधारण तेच आहे.

घरी आल्यावर त्याने आधी बूट काढले, मग मुलीच्या खोलीत डोकावला. मुलगी अकरावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत.

"पापा, आप पतले हो गए," ती म्हणाली.

"तिथं रोज लौकी," तो म्हणाला.

"रोज?"

"रविवारी तोरी."

आठवडाभर दुधी, रविवारी दोडका. ती हसली, आणि मला वाटलं की झालं, बरंच काही झालं. तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला. सासूबाईंना मीच सकाळी कळवलं होतं की ट्रेनिंग संपलं. त्याने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला पुरवणी ठाऊक नव्हती. मी हाताने खूण केली, बोल.

"जेवण बरं होतं का रे ट्रेनिंगला?" त्यांचा आवाज मोठा असतो, मला पलंगापलीकडून ऐकू आला.

"होतं, आई."

"आणि फोन का नाही लागायचा?"

तो थांबला. मी ओठांनी 'रेंज' म्हटलं.

"रेंज नव्हती," तो म्हणाला.

त्याने फोन पलंगावर उलटा ठेवला. मग म्हणाला, "तिथं सकाळी सगळ्यांना गोल बसवायचे. एकच काम. काल काय खोटं बोललो ते सांगायचं. उद्या हे सांगायला मला कुठं बसायचं?"

"आईंना आता त्रास कशाला," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने कँटीनच्या कार्डाचा विषय काढला.

ज्यांच्या घरात सैन्य नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. निवृत्त सैनिकाला कँटीनमधून स्वस्तात किराणा मिळतो, साबण, कुकर, मिक्सर मिळतो, आणि दर महिन्याला ठरावीक दारूही मिळते. तिला कोटा म्हणतात. न पिणाऱ्यांनाही कोटा असतो. तो कुणी वाया घालवत नाही, वाटतो. विकणं गुन्हा आहे, देणं हा शिष्टाचार. नळवाला लवकर येतो, गॅसवाला सिलिंडर वर आणून देतो, कारण होळीला त्यांच्याकडे कँटीनची बाटली गेलेली असते. बाहेरच्या दुकानातला माल कसा असेल सांगता येत नाही, कँटीनचा अस्सल, अशी सगळ्यांची खात्री असते. फौजेतल्या बायका हे लग्नानंतर लगेच शिकतात. मीही शिकले. माझ्या ऑफिसातही दिवाळीला दोन-तीन टेबलांवर माझ्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जायचं. नवऱ्याची दारू म्हणून मी जिच्याविरुद्ध रडले, भांडले, ती बाकीच्या जगात माझा मान वाढवत होती. हे दोन्ही एकाच पिशवीतून यायचं, तरी मी ते कधी एकत्र पाहिलं नाही.

"त्या कार्डावरची दारू बंद करू," तो म्हणाला. "किराणा राहू दे. बाटली नको. कुणालाच नको."

"करू की," मी म्हटलं. "खालचं लग्न तेवढं होऊ दे."

"कुणाचं?"

तेव्हा मला त्याला सांगावं लागलं की मी घरमालकांना बाटल्या कबूल केल्या आहेत.

घरमालक आणि त्यांची पत्नी तळमजल्यावर राहतात. तो केंद्रात असताना त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. काकू लाडू घेऊन वर आल्या, मागून काकाही आले. सहालग सुरू व्हायची होती, म्हणजे लग्नाचे मुहूर्त. हलवाई, तंबूवाले, बँडवाले सगळे आधीच ठरवावे लागतात. काका ती यादी सांगत होते आणि मी सवयीने बोलून गेले, "कैंटीन का इंतज़ाम हमारी तरफ़ से, अंकलजी."

"अरे नहीं बहू, इसकी क्या ज़रूरत," काका म्हणाले.

लखनौत पहिला नकार हा नकार नसतो, तकल्लुफ़ असतो, म्हणजे भिडेची औपचारिकता. चहा, पान, आधी बसायचा मान, काहीही देऊ केलं की आधी नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की पुन्हा नको, जरा मऊ. तिसऱ्यांदा घ्यायचं. इथे आल्यावर सुरुवातीला कुणी नको म्हटलं की मी खरंच कप उचलून आत न्यायची, आणि शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. काकूंनीच मला एकदा बाजूला घेऊन समजावलं होतं, "यहाँ ना का मतलब होता है, ज़रा और कहो." तेव्हापासून मी आग्रहात पक्की झाले होते.

म्हणून मी पुन्हा म्हटलं. काका म्हणाले, "रहने दो, बेटा ट्रेनिंग से थका हुआ आएगा." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, त्यांनी काकूंकडे पाहिलं. तो होकार धरून मी विषय संपवला. एखाद्या वार्ताहराने कुणाचं मौन असं होकार म्हणून लिहून आणलं असतं तर मी ती बातमी परत पाठवली असती.

हे सगळं ऐकून नवरा म्हणाला, "तू आण मग."

"दारूच्या खिडकीवर कार्डवाला स्वतः लागतो. तुला माहीत आहे."

"मी नको."

"थोड्याच वेळाचं काम आहे. मी बाहेरच उभी राहीन. घरात आणायच्याच नाहीत, परस्पर खाली देऊ."

त्याने चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला. हे तो केंद्रातून शिकून आला होता.

"बरं," तो म्हणाला.

तो नकार त्याने एकदाच दिला. मी त्याचाही हिशेब लखनौच्या रीतीने केला.

मधल्या दिवसांत मी पहारा ठेवत होते. आमच्या डेस्कवर एक नियम आहे, एका सूत्रावर बातमी लावायची नाही, दुसरीकडून खात्री करायची. तो ब्रेड आणायला गेला की संध्याकाळी मी त्याच दुकानात काहीतरी घ्यायला जायची आणि विचारायची, भैया, साहब सुबह आए थे क्या. तो मंदिरापर्यंत फिरून आला म्हणाला की त्याच्या चपलांची धूळ बघायची. त्याने ठेवलेला पाण्याचा ग्लास धुण्याआधी नाकाशी न्यायची. मला हे आपण करतो आहोत असं जाणवतही नव्हतं. एका संध्याकाळी मुलगी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली.

"मम्मी, आप फिर ग्लास सूँघ रही हो."

"साबणाचा वास जात नाही," मी म्हटलं.

"ये ग्लास मेरा है," ती म्हणाली.

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बख्शी का तालाबच्या कँटीनला गेलो. गाडी त्यानेच चालवली. शहर मागे पडून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं लागली तसा तो थोडा बोलायला लागला. इथे कोणत्या वळणावर स्कूटर घसरली होती, कोणत्या ढाब्यावर पराठे चांगले. हा त्याचा जुना रोजचा रस्ता. मला ते शुभलक्षण वाटलं.

कँटीनच्या आवारात दोन रांगा असतात. किराण्याची लांब, बायका आणि म्हाताऱ्यांची, हातात कापडी पिशव्या. दुसरी भिंतीकडेने जाते आणि जाळीच्या खिडकीपाशी संपते. तो त्या रांगेत उभा राहिला. मी गाडीपाशी थांबले. तिथून मला त्याची पाठ दिसत होती. पुढच्या एका पेन्शनर हवालदाराने मागे वळून त्याला ओळखलं.

"सर, बहुत दिन बाद. कहाँ पोस्टिंग हो गई थी?"

"बाहर था," तो म्हणाला.

"भाभीजी ने बाँध रखा होगा," हवालदार म्हणाला, आणि मागचे दोघे हसले. नवराही हसला. रांग पुढे सरकली. मी मोबाइल काढून ऑफिसचे निरोप वाचायला लागले. ते वाचण्याची काही गरज नव्हती.

तो पिशवी घेऊन आला. विमानाचा सुटा केलेला भाग नेतात तशी त्याने ती दोन्ही हातांनी, अंगापासून जरा दूर धरली होती. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. हवा थंड होती. मी गाडीत बसले. त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसला. चार बाटल्या होत्या. मी एकेक बाटली वर काढली आणि झाकणावरून अंगठा फिरवून पाहिला. सील धड आहे ना ते. चारही.

हे मी त्याच्या शेजारी बसून केलं. तो समोरच्या काचेतून बघत होता.

"बघून झालं?" तो म्हणाला.

"काय?"

"झाकणं."

"मी सहज..."

"खिडकीपासून गाडीपर्यंत तू मला बघतच होतीस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तेवढ्यात कुठं पिणार होतो?"

मी बाटल्या पिशवीत परत ठेवल्या. तो बरोबर बोलत होता. मी बघतच होते. मोबाइलवर मान घालूनही बघत होते. त्याला मी तिथे पाठवलं होतं, तो तिथून जसाच्या तसा परत आला होता, आणि संशय माझ्याकडे होता. परतीच्या रस्त्यात प्रत्येक गतिरोधकाला बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या. मी ओढणी काढून त्यांच्यामध्ये घातली. ढाबा गेला, वळण गेलं.

घरापाशी उतरल्यावर मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा तो म्हणाला, "मी देतो." खालच्या अंगणात काका तंबूवाल्याने सोडलेले कापडाचे नमुने बघत बसले होते. काकू हिवाळ्याच्या उन्हात मटार सोलत होत्या. त्याच्या हातातली पिशवी पाहून काका उठून उभे राहिले.

"अरे बेटा, तुम क्यों ले आए. मैंने तो बहू से कहा था, रहने दो."

"हमें लगा आप तकल्लुफ़ कर रहे हैं," मी म्हटलं.

"नहीं बहू," काका म्हणाले. "वो तकल्लुफ़ नहीं था."

नवऱ्याने पिशवी खाटेवर ठेवली. "अंकलजी, ये आख़िरी हैं. अब कार्ड पर नहीं निकालूँगा. और मैं ट्रेनिंग में नहीं था. नशामुक्ति में था."

तो एवढ्या साध्या आवाजात म्हणाला की काकूंचे हात शेंगांवर चालूच राहिले. काकांनी चष्मा काढून कुडत्याला पुसला.

"बेटा," ते म्हणाले, "ज़ीना मेरे कमरे के ऊपर से जाता है. पाँच बरस से सुन रहा हूँ, कौन कैसे चढ़ता है."

ज़ीना म्हणजे जिना. आमचा जिना. त्यावरून मी नवऱ्याला काखेत धरून वर नेलं आहे, त्याच्या तोंडावर हात ठेवून, खाली कुणाला कळू नये म्हणून.

"मुझे भी पता था," काकू म्हणाल्या. "आजकल अच्छा चढ़ते हो." आणि मग माझ्याकडे बघून, जरा हसूनच, "और इन बोतलों का करेंगे क्या? लड़के वाले तो प्याज़ तक नहीं छूते."

काकांनाही हसू आलं. नवराही हसला, कँटीनच्या रांगेतल्यापेक्षा वेगळं. मीही हसायला हवं होतं. ज्या बाटल्यांसाठी मी त्याला त्या खिडकीपाशी उभं केलं, त्या कुणालाच नको होत्या. मागितल्या कुणी नव्हत्या. तीन आवृत्त्यांपैकी ट्रेनिंगची आवृत्ती तळमजल्यावर कुणी वाचलीच नव्हती. ती मी माझ्यासाठीच छापत होते.

आम्ही चहा घेऊन वर आलो. पुढचं जे झालं त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. काकांनी विचार केला असणार की या बाटल्या या घरात आता एक क्षणही नकोत. त्यांनी त्या अंगणातल्या नालीत ओतल्या. वर आमची गॅलरी बरोबर त्या अंगणावर आहे. काही वेळाने रमचा वास वर यायला लागला. आधी पुसट, मग इतका दाट की खिडक्या लावल्यावरही पडद्यांत राहिला. खाली काकू बादल्यांनी पाणी ओतत होत्या. त्यामुळे तो आणखी पसरला.

नवरा पेपर वाचत बसला होता. त्याने पेपरची घडी केली.

"मी जरा बाहेर जाऊन येतो."

"मी येऊ?"

"नको," तो म्हणाला.

आणि तो गेला. फोन टेबलावर ठेवून गेला. विसरला की मुद्दाम ठेवला, ते मी विचारलेलं नाही.

मी थोडा वेळ बसले. मग ओढणी घेतली आणि बाहेर पडले. इंदिरा नगरचा बाजार मोठ्या रस्त्याला लागतो तिथे इंग्रजी दारूचं दुकान आहे. त्याच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, एक झेरॉक्सचं दुकान आहे. मी त्याच्या पायरीवर उभी राहिले. जाळीच्या खिडकीत हात आत जात होते आणि बाहेर येत होते. प्रत्येक शर्ट मी तपासला. त्याच्यासारखा एक निळा शर्ट आला तेव्हा मी रस्त्यात पाऊलही टाकलं. तो कुणी दुसरा होता. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "मैडम, क्या निकलवाना है?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "तो ज़रा साइड हो जाइए."

मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. अंधारायला लागलं, दुकानातले दिवे लागले, गर्दी वाढली. तिथे उभी असताना माझ्या मनात एक गोष्ट आली, तीही लिहायला हवी. तो दिसला असता तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. माझा अंदाज बरोबर ठरला असता. कँटीनला पाठवण्याचा दोष त्याच्या दोषाखाली झाकला गेला असता. हा विचार क्षणभरच टिकला, पण तो आला होता आणि मी त्याला ओळखलं.

घरी परतले तर तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला होता. कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे. मुलगी क्लासला गेलेली.

"कुठं गेली होतीस?"

"भाजी आणायला."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातात पिशवी नव्हती. एक मिरचीसुद्धा नव्हती.

मग तो उठला. बाजूला सरकून मला कुलपापर्यंत जायला जागा करून दिली. आत गेल्यावर स्वतःहून सांगायला लागला. मेट्रोत बसून अमौसीपर्यंत गेला होता. गर्दीत बसायला बरं वाटलं म्हणाला. तिथे उतरून आपल्या सुपरवायझरला भेटला आणि त्याला सांगितलं की कावीळ नव्हती.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ठीक आहे, आधी दिवसपाळी कर, मग बघू." त्याने खिशातून मेट्रोचं जाण्यायेण्याचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं, माझ्या बाजूला सरकवलं. "हे बघ."

"मी मागितलं नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्या रात्री जेवताना आम्ही तिघंही मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो. मी दारूच्या दुकानासमोर उभी होते हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. त्याने केंद्रात शिकल्याप्रमाणे सकाळी गोल करून बसायचं ठरवलं असतं, तर त्या गोलात सांगण्यासारखं माझ्याकडे जास्त निघालं असतं.

खालचं लग्न छान झालं. पंगतीत कांदा नव्हता. नवऱ्याने खुर्च्या लावल्या, वऱ्हाडाला पाणी दिलं, आणि काकांनी त्याची ओळख व्याह्यांना करून दिली, "ऊपर वाले हमारे बेटे हैं, एयरफ़ोर्स में थे." कँटीनच्या कार्डावर आता फक्त किराणा येतो. होळीला गॅसवाला दाराशी रेंगाळला. मी त्याला गुजिया, म्हणजे करंज्या, दिल्या. तेव्हापासून सिलिंडर खालच्या फाटकापाशीच उतरतो. नवरा तो खांद्यावर घेऊन वर आणतो. सासूबाईंची आवृत्ती अजून चालू आहे. ती बंद करणं त्याने माझ्यावर सोडलं आहे.

आणि एक गोष्ट राहिली आहे. कँटीनच्या त्या दिवसानंतर, उन्हाळा सुरू झाला तेव्हा, तो एका संध्याकाळी कोल्ड्रिंकची मोठी बाटली घेऊन आला. मी स्वयंपाकघरात होते. तो सरळ माझ्याकडे आला, ओट्याशी उभा राहिला आणि माझ्या समोर त्याने झाकण फिरवलं. सीलची प्लास्टिकची कडी कट्कन तुटली. गॅस सुटला. मग त्याने तीन ग्लास भरले आणि एक मुलीला नेऊन दिला.

पुढच्या वेळीही तसंच केलं. सरबताची बाटली असो, पाण्याची असो, प्रवासात स्टेशनवर घेतलेली असो. आधी माझ्यासमोर धरतो, मला आवाज ऐकू जाईल इतक्या जवळ, मग उघडतो. मी एकदा म्हटलं, "अरे, राहू दे, कशाला." तो म्हणाला, "असू दे."

माझा तो पहिला नकार त्याने लखनौच्या रीतीने घेतला. दुसऱ्यांदा मी नको म्हटलेलं नाही. झाकण फिरायला लागलं की मी हातातलं काम थांबवते आणि तो आवाज येईपर्यंत वाट बघते.